फळातली साखर, सालीतला रंग आणि मधला चोथा

लागवडीची ब्लूबेरी मधोमध कापून पाहिली, तर पहिल्यांदा थोडा हिरमोड होतो. बाहेरून गर्द जांभळी-निळी दिसणारी ही गोळी आतून फिकट हिरवट, जवळजवळ पांढरी असते. सगळा रंग सालीत, आणि साल कागदाइतकी पातळ. (तिची रानटी युरोपीय बहीण, बिलबेरी, मात्र आतपर्यंत जांभळी असते आणि खाणाऱ्याचे दातही जांभळे करून सोडते.) ज्या गुणांमुळे या फळाला गेल्या काही वर्षांत औषधाचा मान मिळाला, त्यांतले बहुतेक गुण या पातळ सालीतल्या रंगद्रव्याच्या नावावर जमा आहेत. उरलेल्या फळात पाणी असते, साखर असते, थोडे आम्ल असते आणि चोथा असतो. त्यांपैकी साखर तेवढी चर्चेत येते, आणि तीही आरोपी म्हणून.

'साखर ती साखरच, मग ती फळातली का असेना' असे सांगून फळे बंद करायला लावणारा सल्ला बेरींच्या कौतुकाइतक्याच आत्मविश्वासाने दिला जातो. एकाच मोबाइलवर सकाळी 'रोज मूठभर बेरी खा, स्मरणशक्ती वाढेल' आणि संध्याकाळी 'फळांतल्या फ्रुक्टोज या साखरेमुळे यकृतात चरबी साठते' असे दोन संदेश आले, तर वाचणाऱ्याने विश्वास ठेवायचा कोणावर? माझ्या मते दोन्ही सल्ल्यांतली चूक एकच आहे. फळातला एक घटक उचलायचा आणि त्यावरून अख्ख्या फळाचा निकाल द्यायचा, ही ती चूक. फळाचा गुण त्याच्या घटकांत असतो तितकाच त्याच्या बांधणीतही असतो, आणि ही बांधणी समजून घेतली की या दोन संदेशांतले भांडण बरेचसे मिटते.

## फळ कोणासाठी असते आणि बेरी कशाला म्हणायचे

झाडाला चालता येत नाही, पण बिया दूरवर पोचवायच्या असतात. ते काम प्राणी-पक्ष्यांकडून करून घ्यायचे, तर त्यांना मजुरी द्यावी लागते. फळ ही ती मजुरी. बी तयार होईपर्यंत फळ हिरवे, कडक, आंबट-तुरट राहते, म्हणजे कोणी वेळेआधी तोंड लावू नये. बी तयार झाली की साखर वाढते, गर मऊ होतो आणि 'आता या' असे दुरूनच सांगणारा रंग चढतो. साखर आणि रंग हे असे एकाच व्यवहाराचे दोन भाग आहेत. एकाला गुण आणि दुसऱ्याला दोष ठरवणे हे आपले काम, झाडाचे नव्हे.

वनस्पतिशास्त्रात बेरी म्हणजे फुलातल्या एकाच अंडाशयापासून तयार झालेले, गरयुक्त आणि बिया गरात असलेले फळ. या व्याख्येने द्राक्ष, टोमॅटो, पेरू आणि केळेसुद्धा बेरी ठरते, पण स्ट्रॉबेरी ठरत नाही. स्ट्रॉबेरीचा लाल गर हा फुलाच्या देठाचा फुगलेला भाग असतो आणि तिच्या अंगावर ज्या बारीक पिवळ्या 'बिया' दिसतात, त्यांतली प्रत्येक म्हणजे एक स्वतंत्र, सुके, छोटे फळ असते. रास्पबेरी तर मण्यांचा घोसच आहे. प्रत्येक मण्याला स्वतःची साल आणि स्वतःची बी. हा तपशील केवळ गमतीचा नाही, कारण रास्पबेरीत इतका चोथा का असतो याचे उत्तर त्यातच आहे. पुढे मात्र 'बेरी' हा शब्द बोलण्यातल्या अर्थानेच, म्हणजे लहान, रसाळ, रंगीत फळांसाठी वापरला आहे.

## शंभर ग्रॅममध्ये काय असते

ताज्या फळात सर्वांत जास्त असते ते पाणी. स्ट्रॉबेरीत सुमारे ९१ टक्के, ब्लूबेरीत सुमारे ८४ टक्के. त्यामुळे १०० ग्रॅम स्ट्रॉबेरीतून साधारण ३२ किलोकॅलरी, ब्लूबेरीतून ५७ आणि केळ्यातून ८९ एवढीच ऊर्जा मिळते. साखरेचे प्रमाण रास्पबेरी आणि स्ट्रॉबेरीत ५ ग्रॅमच्या आसपास, ब्लूबेरी आणि सफरचंदात १० ग्रॅम, केळ्यात १२ आणि द्राक्षांत १५ ते १६ ग्रॅम असते.

चोथ्याचा, म्हणजे तंतुमय पदार्थांचा, हिशेब वेगळा लागतो. रास्पबेरीत १०० ग्रॅममागे साडेसहा ग्रॅम, पेरू आणि ब्लॅकबेरीत पाचच्या थोडे वर, सालीसकट सफरचंदात आणि ब्लूबेरीत सुमारे २.४, तर द्राक्षांत जेमतेम १ ग्रॅम. क जीवनसत्त्वात पेरू सगळ्यांना मागे टाकतो: सुमारे २२८ मिलिग्रॅम. स्ट्रॉबेरीत ५९, संत्र्यात ५३. ब्लूबेरीत मात्र ते १० मिलिग्रॅमही भरत नाही आणि सफरचंदात त्याच्याही निम्मेच. पोटॅशियमसाठी केळ्याची ख्याती आहे, पण १०० ग्रॅम केळ्यातून मिळणारे ३५८ मिलिग्रॅम म्हणजे मोठ्या माणसाच्या दिवसाच्या गरजेचा साधारण दहावा भाग.

एवढ्या आकड्यांवरूनही 'सर्वांत पौष्टिक फळ कोणते' हा प्रश्न कसा फसवा आहे ते दिसते. प्रत्येक रकान्यात पहिला नंबर वेगळ्या फळाचा लागतो.

## साखर तीच, पण वाट वेगळी

सफरचंदाच्या २५० मिलिलिटर रसात साधारण २५ ग्रॅम साखर असते. तेवढ्याच वजनाच्या अख्ख्या सफरचंदांतही ती तेवढीच असते आणि साखर घातलेल्या शीतपेयातले प्रमाणही फारसे वेगळे नसते. म्हणजे 'साखर ती साखरच' हे म्हणणे रसायनशास्त्राच्या दृष्टीने खरे आहे. तरीही जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या, तेव्हा अख्ख्या फळातली साखर त्या मर्यादेतून वगळली आणि फळांच्या रसातली साखर मात्र मध, पाक आणि चहातल्या साखरेच्या पंक्तीला बसवली. या दुसऱ्या गटाला 'मुक्त साखर' म्हणतात आणि ती दिवसभराच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, असे ही संघटना सांगते. फळ तेच, साखर तीच, मग रस काढताना असे काय घडते?

फळातली साखर पेशींच्या आत बंद असते. एका मोठ्या गोदामात हजारो लहान खोल्या आहेत आणि प्रत्येक खोलीत थोडे-थोडे साखरपाणी भरून ठेवले आहे, अशी कल्पना करावी. खोल्यांच्या भिंती म्हणजे चोथा. दात त्यांतल्या काही भिंती फोडतात, काही आतड्यापर्यंत शाबूत पोचतात आणि तिथे हळूहळू रित्या होतात. शिवाय पेक्टिन नावाचा विरघळणारा चोथा, ज्याच्यामुळे जॅम घट्ट बसतो, आतड्यातही तेच करतो: पाण्याला दाटपणा आणतो आणि साखर रक्तात जाण्याचा वेग कमी करतो. रस काढणे म्हणजे सगळ्या भिंती एका झटक्यात पाडायच्या, राडारोडा फेकून द्यायचा आणि माल एकदम रस्त्यावर ओतायचा.

ज्याला या भिंती डोळ्यांनी पाहायच्या आहेत, त्याने एक स्ट्रॉबेरी रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून सकाळी ताटलीत वितळू द्यावी. गोठताना आतल्या पाण्याचे बर्फाचे स्फटिक पेशींच्या भिंती फाडतात. तासाभरात टणक फळाच्या जागी एक लिबलिबीत गोळा उरतो आणि भोवती लाल पाण्याचे थारोळे साचते. हे सगळे पाणी आदल्या दिवशीही त्याच फळात होते; फक्त ते कोंडलेले होते.

१९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात दहा जणांना तेवढ्याच साखरेचे सफरचंद तीन रूपांत दिले गेले: अख्खे, लगदा करून आणि गाळलेला रस म्हणून. अख्खे सफरचंद खायला जितका वेळ लागला, त्याच्या अकराव्या भागात रस पिऊन झाला. पोट भरल्याची भावना अख्ख्या फळाने सर्वाधिक दिली, रसाने सर्वांत कमी. रसानंतर इन्सुलिन जास्त वाढले आणि पुढे रक्तातली साखर झपकन खाली आली. अख्ख्या सफरचंदानंतर तसे झाले नाही. दहा माणसांवरून जगाचा नियम काढायचा नसतो, पण चावण्याला लागणारा वेळ हाही फळाचा एक गुणधर्म आहे, हे या प्रयोगाइतके स्पष्ट क्वचितच कोणी दाखवले असेल.

यकृतात साठणाऱ्या चरबीचा आणि फ्रुक्टोजचा संबंध खोटा नाही. पण तो प्रामुख्याने गोड पेयांमधून, थोड्या वेळात मोठ्या प्रमाणात पोटात जाणाऱ्या फ्रुक्टोजबद्दल आहे. तेवढे फ्रुक्टोज फळे चावून मिळवायचे म्हटले, तर बहुतेकांचा जबडा आणि पोट आधी थकेल. मिक्सरमधून फिरवलेले पण न गाळलेले फळ मधल्या पायरीवर येते: चोथा राहतो, चावणे जाते.

## क जीवनसत्त्व: जिथे फळ खरोखर औषध ठरले

फळाने रोग बरा होतो, हे निर्विवाद सिद्ध झाल्याची एक गोष्ट आहे आणि ती जुनी आहे. १७४७ साली 'सॅलिसबरी' या ब्रिटिश युद्धनौकेवर जेम्स लिंड या वैद्याने स्कर्व्ही झालेल्या १२ खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. कोणाला व्हिनेगर, कोणाला समुद्राचे पाणी. एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू. सहा दिवसांत फळे संपली, पण तेवढ्यात त्या दोघांपैकी एक जण कामावर परतण्याइतका बरा झाला होता. ब्रिटिश नौदलाला लिंबाचा रस नियमाने द्यायला मात्र १७९५ साल उजाडावे लागले. लिंबात नेमके काय असते हे कळायला तर विसावे शतक यावे लागले. क जीवनसत्त्व वेगळे करणाऱ्या आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांना १९३७ साली नोबेल मिळाले.

बहुतेक सस्तन प्राणी हे जीवनसत्त्व स्वतःच तयार करतात. माणसाला आणि गिनीपिगला ते जमत नाही. ते नसले की ऊतींना बांधून ठेवणारे कोलॅजन नीट बनत नाही, म्हणून हिरड्यांतून रक्त येते आणि भरलेल्या जखमा पुन्हा उघडतात. स्कर्व्ही टाळायला दिवसाला १० मिलिग्रॅमही पुरते. वेगवेगळ्या संस्थांनी सुचवलेले प्रमाण ४० ते ११० मिलिग्रॅमच्या दरम्यान आहे. एका मध्यम पेरूत याहून जास्त मिळते. त्यापुढे कितीही घेतले तरी शरीर जादाचा भाग लघवीवाटे टाकून देते. नियमित क जीवनसत्त्व घेतल्याने सर्वसाधारण माणसांना सर्दी कमी वेळा होते, असे चाचण्यांमध्ये आढळलेले नाही. झालेली सर्दी थोडी लवकर आटोपते, इतकेच.

जेवताना फळ खाऊ नये, ते पोटात 'सडते', असे पुष्कळदा सांगितले जाते. जठरातल्या आम्लात काही सडायला वाव नसतो. उलट धान्य, कडधान्ये आणि पालेभाज्यांतले लोह शरीराला सहजी शोषता येत नाही आणि त्याच घासाबरोबर क जीवनसत्त्व आले तर ते शोषण चांगले वाढते. रक्तात लोह कमी असलेल्यांनी तर पेरू किंवा संत्रे जेवणासोबतच खावे.

## 'अँटिऑक्सिडंट' या शब्दाने घातलेला घोळ

चिरलेले सफरचंद हवेवर काळे पडते आणि लिंबू चोळले की पांढरे राहते. हवेतल्या प्राणवायूमुळे होणाऱ्या अशा रासायनिक झिजेला ऑक्सिडीकरण म्हणतात आणि ती रोखणारा पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. शरीरातही अशी झीज सतत चालू असते, ती वयाशी आणि अनेक रोगांशी निगडित आहे. बेरींच्या रंगात अँटिऑक्सिडंट भरपूर असतात. म्हणून बेरी खाल्ल्या की शरीराची झीज थांबते. हा युक्तिवाद इतका सरळ आहे की त्यावर एक अख्खी बाजारपेठ उभी राहिली.

अडचण अशी की शरीर म्हणजे चिरलेले सफरचंद नव्हे. कोणत्या फळात किती अँटिऑक्सिडंट शक्ती आहे, हे परीक्षानळीत मोजून त्याचे तक्ते केले जात. अमेरिकेच्या कृषी खात्याने असा एक मोठा तक्ता आपल्या संकेतस्थळावर ठेवला होता. २०१२ साली खात्याने तो स्वतःच काढून टाकला, कारण या आकड्यांचा माणसाच्या शरीरावरील परिणामाशी संबंध दिसत नव्हता आणि माल खपवण्यासाठी त्यांचा सर्रास गैरवापर होत होता. त्यानंतरही वेष्टनांवर ते आकडे झळकत राहिले, हे वेगळे सांगायला नको.

त्याहून गमतीची गोष्ट २००४ सालच्या एका प्रयोगात दिसली. सफरचंद खाल्ल्यावर रक्ताची अँटिऑक्सिडंट शक्ती वाढते, हे खरे निघाले. पण ती फळातल्या गुणकारी द्रव्यांमुळे वाढली नव्हती. फळातल्या फ्रुक्टोजमुळे रक्तातले यूरिक आम्ल थोडे वाढते, आणि यूरिक आम्ल स्वतःच अँटिऑक्सिडंट आहे. म्हणजे ज्या साखरेला खलनायक ठरवले होते, तिनेच नायकाचे काम केले होते.

बेरींचा रंग ज्याने येतो त्या द्रव्यांना अँथोसायनिन म्हणतात. ती किती नाजूक असतात हे कपड्यावर पडलेल्या डागावरून कळते. फळाचा जांभळा-लाल डाग साबण लागताच निळसर-हिरवट होतो आणि लिंबू पिळले की पुन्हा लालीकडे झुकतो. आम्लता बदलली की या रेणूची रचनाच बदलते. जठराच्या आम्लात तो टिकतो, पुढे आतड्यात त्याची मोडतोड सुरू होते. खाल्लेल्या अँथोसायनिनचा अगदी थोडा अंश मूळ रूपात रक्तात पोचतो. बाकीचा मोठ्या आतड्यात जातो आणि तिथले जिवाणू त्याचे लहान-लहान तुकडे करतात.

आजच्या समजुतीप्रमाणे खरे काम या तुकड्यांचे आहे. ते रक्तात शोषले जातात, रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराशी त्यांचा संबंध येतो आणि वाहिन्या अधिक सहज प्रसरण पावतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, लठ्ठपणा, रक्तदाब, वाढलेली साखर अशा तक्रारींचा गट असलेल्या ११५ जणांना सहा महिने ब्लूबेरीची पूड किंवा तशीच दिसणारी बनावट पूड दिली. रोज सुमारे १५० ग्रॅम ताज्या फळाइतकी मात्रा घेणाऱ्यांच्या रक्तवाहिन्यांची लवचीकता सुधारली. निम्म्या मात्रेने तसा फरक पडला नाही. इन्सुलिनच्या कामात मात्र दोन्ही मात्रांनी सुधारणा झाली नाही. बेरींवरच्या पुष्कळ संशोधनाला बेरी उत्पादकांच्या संघटनांचा पैसा असतो. याही चाचणीला तो होता. त्याने निष्कर्ष खोटे ठरत नाहीत, पण कोणत्या फळावर जास्त संशोधन होते हे यावरून नक्की ठरते. ज्या फळामागे श्रीमंत संघटना नाही, त्याच्या गुणांचे पुरावे कमी दिसणारच.

## मग तेच द्रव्य गोळीतून का घेऊ नये

हा प्रश्न विज्ञानाने फार महागात पडून सोडवला आहे. फळे आणि भाज्या जास्त खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळतो, असे दिसत होते. त्यांच्यातल्या बीटा-कॅरोटीन या नारिंगी रंगद्रव्यावर संशय, म्हणजे चांगल्या अर्थाने संशय, आला. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली आणि १९९४ साली निकाल आला: बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढला होता. अमेरिकेतली तशीच दुसरी चाचणी १९९६ साली ठरल्या वेळेआधी थांबवावी लागली, कारण तिथेही धूम्रपान करणाऱ्यांत आणि अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध आलेल्यांत वाढच दिसत होती.

गाजर किंवा जर्दाळू खाल्ल्याने असे कधी झालेले नाही. फळात ते द्रव्य थोडे असते, शेकडो इतर द्रव्यांच्या सोबतीने येते आणि चोथ्यात अडकून हळूहळू सुटते. गोळीत ते एकटे आणि अनेक पटींनी असते.

## 'फळे खाणारे मुळातच निरोगी असतात'

हा आक्षेप वजनदार आहे आणि तो झटकून टाकू नये. फळांचे बहुतेक फायदे निरीक्षणांवरून सांगितले जातात: लाखो लोक काय खातात हे विचारायचे, मग त्यांना वर्षानुवर्षे काय होते ते पाहायचे. चीनमधल्या सुमारे पाच लाख प्रौढांच्या पाहणीत, रोज ताजी फळे खाणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघाताने होणारे मृत्यू, फळे क्वचित किंवा कधीच न खाणाऱ्यांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळले. २०१६ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पण रोज फळे खाणारे अधिक शिकलेले होते, त्यांचे उत्पन्न जास्त होते आणि ते धूम्रपानही कमी करत होते. संशोधक गणिताने हे फरक वजा करतात. तरी माणसाच्या राहणीतले सगळेच काही प्रश्नावलीत उतरत नाही.

त्याहून चोख पुरावा मिळवायचा, तर हजारो लोकांची चिठ्ठ्या टाकून विभागणी करावी लागेल, निम्म्यांना वीस वर्षे फळे द्यावी लागतील आणि निम्म्यांना तोडावी लागतील. हे होणे नाही. म्हणून ४० टक्के या आकड्याला मी चिकटून राहणार नाही, पण दिशा खरी मानेन. कारण वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्या तीच दिशा दाखवतात आणि चोथा, पोटॅशियम, रक्तवाहिन्या यांवरच्या लहान चाचण्याही त्या दिशेला पूरक आहेत.

## मधुमेह असेल तर

अमेरिकेतल्या १,८७,३८२ आरोग्य कर्मचाऱ्यांच्या पाहणीत आठवड्याला तीन वेळा ब्लूबेरी खाणाऱ्यांत दुसऱ्या प्रकारचा मधुमेह होण्याची शक्यता २६ टक्क्यांनी कमी आढळली. द्राक्षे आणि सफरचंदांबाबतही घट दिसली, तर फळांच्या रसाबाबत ८ टक्के वाढ. त्याच पाहणीत खरबुजाबाबतही वाढ दिसली होती, पण ती कोणी बातमीच्या मथळ्यात घालत नाही. अशा तपशिलांवरून फळाफळांत डावे-उजवे ठरवू नये; अख्खे फळ आणि रस यांतला फरक मात्र लक्षात घ्यावा.

ज्यांना मधुमेह आहेच, त्यांच्याबद्दल डेन्मार्कमधली एक छोटी चाचणी बोलकी आहे. नव्याने निदान झालेल्या ६३ जणांपैकी काहींना दिवसाला किमान दोन फळे खायला सांगितले, काहींना दोनहून जास्त खाऊ नका म्हणून. बारा आठवड्यांनी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेत दोन्ही गटांत फरक नव्हता.

कलिंगडावर हमखास आक्षेप येतो, कारण त्याचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे ठरावीक साखर-पिष्टाने रक्तातली साखर किती वेगाने वाढते याचा निर्देशांक, ७०च्या वर आहे. पण तो मोजताना ५० ग्रॅम कर्बोदके भरतील इतके कलिंगड घेतात, म्हणजे साधारण साडेसहाशे-सातशे ग्रॅम गर. एका फोडीने तेवढे होत नाही. वेग जास्त, पण माल थोडा. मधुमेहात फळाचे नाव पाहण्यापेक्षा एका वेळी किती खाल्ले हे पाहावे, ते चावून खावे आणि रस टाळावा. औषधाची मात्रा चालू असेल तर हे प्रमाण डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे.

## बेरीच खायला हव्यात का

नाही. अँथोसायनिन काळ्या द्राक्षांत, तुतीत, जांभळात, चेरीत, लाल कोबीतही असते. मोसंबी-संत्र्यांत, सफरचंदाच्या सालीत, डाळिंबात त्यांची आपापली द्रव्ये असतात. डाळिंब आणि रास्पबेरीतल्या काही द्रव्यांपासून आतड्यातले जिवाणू जो उपयुक्त पदार्थ बनवतात, तो सगळ्यांच्या आतड्यांत बनतही नाही. म्हणजे एकच फळ दोघांनी खाल्ले तरी दोघांना तेच मिळेल असे नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला फळे आणि भाज्या मिळून ४०० ग्रॅम सुचवते. त्यात बेरींसाठी राखीव जागा नाही.

क्रॅनबेरीचा एक दावा मात्र तपासाला उतरला आहे. तिच्यातली काही द्रव्ये जिवाणूंना मूत्रमार्गाच्या अस्तराला चिकटू देत नाहीत आणि ज्या स्त्रियांना मूत्रमार्गाचा संसर्ग वारंवार होतो, त्यांच्यात तो पुन्हा होण्याचे प्रमाण तिच्यामुळे कमी होते, असे २०२३ सालच्या एका व्यापक आढाव्यात दिसले. हे टाळण्यापुरते आहे; झालेला संसर्ग त्याने बरा होत नाही.

गोठवलेल्या बेरी ताज्यांच्या तोडीस तोड असतात, कारण त्या पिकल्यावर तोडून लगेच गोठवतात. फक्त गोठवण्याने विषाणू मरत नाहीत. २०१२ साली जर्मनीत गोठवलेल्या स्ट्रॉबेरींमुळे शाळांतली सुमारे ११ हजार माणसे, बहुतेक मुले, आजारी पडली होती. लहान मुले, गर्भवती आणि आजारी माणसांसाठी अशी फळे उकळी आणून वापरणे बरे. सुकवलेल्या फळांत चोथा टिकतो, पण पाणी गेल्याने साखर दाटते: द्राक्षांतली १६ ग्रॅम साखर बेदाण्यांत १०० ग्रॅममागे ६० च्या घरात जाते. द्राक्षांचा घोस संपवायला लागतो तितका वेळ मूठभर बेदाण्यांना लागत नाही.

## कोणी जपून खावे

मूत्रपिंडे नीट काम करत नसतील, तर केळी, संत्री अशा फळांतले पोटॅशियम रक्तात साठू शकते. अशा रुग्णांनी स्टारफ्रूट, म्हणजे कमरख, तर अजिबात खाऊ नये. त्यातले एक विषारी द्रव्य निरोगी मूत्रपिंडे सहज बाहेर टाकतात, पण ती थकलेली असतील तर ते मेंदूपर्यंत पोचते आणि न थांबणाऱ्या उचक्यांपासून झटक्यांपर्यंत काहीही होऊ शकते.

ग्रेपफ्रूटची, म्हणजे पपनसाच्या जातीच्या लिंबूवर्गीय फळाची, गोष्ट अपघाताने कळली. कॅनडातले संशोधक रक्तदाबाच्या एका गोळीवर मद्याचा काय परिणाम होतो ते पाहत होते आणि मद्याची चव लपवण्यासाठी त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला. रक्तात औषधाचे प्रमाण अपेक्षेहून कितीतरी जास्त निघाले आणि त्याचे कारण मद्य नसून रस होता. १९८९ साली हे प्रसिद्ध झाले. आतड्याच्या अस्तरात काही औषधांचा बराच भाग मोडून टाकणारे एक विकर (एन्झाइम) असते. ग्रेपफ्रूटमधली द्रव्ये ते कायमचे निकामी करतात, त्यामुळे ठरलेल्या मात्रेची गोळीही जादा मात्रेसारखी वागते. कोलेस्टेरॉलची काही औषधे आणि रक्तदाबाची काही औषधे या यादीत येतात. पपनसातही ही द्रव्ये असतात, साध्या गोड संत्र्याचा मात्र असा त्रास नाही. निकामी झालेले विकर शरीराला नव्याने तयार करावे लागते आणि त्याला एक दिवस किंवा त्याहून अधिक लागतो, म्हणून गोळी सकाळी आणि फळ संध्याकाळी, ही तोड इथे चालत नाही.